गच्ची आधी, भिंत दिवाळीनंतर

सांगलीच्या गावभागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र सहा पानी आहे, म्हणून त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"घरात आम्ही पाच जण. मुलगी सातवीत आहे, क्रिकेट खेळते, पहाटे सहाला मैदानावर असते. मुलगा चौथीत, त्याला तबला, चित्रकला आणि या सुट्टीपासून अबॅकस. सासूबाई 74 वर्षांच्या. हे नोकरी सांभाळून पूर-मदत करणाऱ्या गटात आहेत. रविवारी घाटाची सफाई, मध्येच रक्तदान शिबिर, पावसाळ्यात तर फोन खालीच ठेवत नाहीत. घर जुनं, खालच्या भिंती दगड-मातीच्या, वर नंतर टाकलेली स्लॅब. 2019 च्या पुरानंतर खालची ओल गेलीच नाही. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा पोपडे आले. वर गच्ची गळते. दर रविवारी रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आठवड्याची खबरबात टाकते. नणंद पुण्यात, दीर मुंबईत, त्यांना बरं वाटतं. परवा वळीव झाला त्या रात्री स्विचबोर्डाच्या भिंतीवरून पाणी उतरलं. हे त्या दिवशी बाहेरगावी, पुरात बोट कशी चालवायची ते शिकायला गेले होते. मी मुलांना घेऊन अंधारात बसले. सासूबाई म्हणाल्या, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय तुझा नवरा. त्या रविवारी खबरबात लिहायला बसले आणि लक्षात आलं, यात सगळ्यांचं काही ना काही आहे, माझी एक ओळ नाही. यांना हे सगळं बंद करायला सांगू का? मुलांचे क्लास कमी करू का? की मीच स्वार्थी झालेय? पुरानंतर एका वाचनालयातली भिजलेली पुस्तकं वाळवायला मी आठ-दहा दिवस जात होते. माझं समाजकार्य म्हणाल तर तेवढंच. पण ते दिवस फार आवडले होते."

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी तो स्विचबोर्ड.

हे वाचून झालं की उठा आणि त्या भिंतीवरचा जो काही पॉइंट असेल तो वापरणं बंद करा. शक्य असेल तर त्या खोलीची लाइन मेनपाशीच बंद ठेवा. दोन दिवसांत वायरमन बोलवा. बोर्ड दुसऱ्या, कोरड्या भिंतीवर हलवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि मेनला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. आपल्याकडे जुनी माणसं त्यालाच ईएलसीबी म्हणतात. वीज गळून भिंतीत किंवा माणसाच्या अंगात जायला लागली की ते क्षणात लाइन तोडतं. साधा फ्यूज किंवा एमसीबी एवढ्या थोड्या गळतीला दाद देत नाही, तो जादा लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. चौथीतलं पोर आंघोळ करून ओल्या हाताने पंखा लावतं. म्हणून हे काम कुणाच्या सवडीवर ठेवू नका.

आता घराबद्दल. तुम्ही पत्रात "ओल" हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरलाय आणि तिथेच सगळा घोळ आहे. तुमच्या घरात दोन वेगळी पाणी आहेत. एक वरून येतंय, गच्चीतून. दुसरं खालून चढतंय, जमिनीतून. दोघांचा उपाय वेगळा आणि वेळही वेगळी. दोन्ही कामं एकदम काढलीत तर खर्चाचा आकडा बघूनच घरात भांडण होईल आणि काम पुन्हा पुढे जाईल.

वरचं पाणी आधी. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. म्हणजे हातात चारेक आठवडे आहेत आणि गच्चीला ते पुरतात. जुन्या काळी याच दिवसांत घरं शाकारायचे, फुटकी कौलं बदलायचे. स्लॅब आली आणि आपण ती सवय सोडली, जणू स्लॅबला म्हातारपण येतच नाही. वळवाने तुम्हाला एक उपकारही केलाय बघा, गळती नेमकी कुठे आहे ते दाखवून गेलाय. छतावरचा तो डाग खडूने आखून ठेवा. मग वर जाऊन बघा. पण पाणी जिथे खाली टपकतं तिथेच वर फट असेल असं नाही. ते स्लॅबच्या आत चार-पाच फूट फिरूनही येतं. आधी गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो सांधा बघा, बहुतेक गळत्या तिथेच असतात. मग पाणी जायचं भोक पाचोळ्याने तुंबलंय का, पाण्याच्या टाकीखाली काय आहे, डिशची छत्री बसवताना कुणी खिळे ठोकलेत का, ते बघा. कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थरावर, पाणी ओतलं तर ते भोकाकडे पळालं पाहिजे. साधारण शंभर इंचाला एक इंच उतार लागतो. पाणी थांबत असेल तर वरून कितीही लेप द्या, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तेच.

गवंडी येईल तेव्हा त्याला फट नुसती बुजवू देऊ नका. आधी ती चिरून थोडी रुंद करायची, झाडून-धुऊन स्वच्छ करायची, मग भरायची. लेप द्यायचा तर कोरड्या गच्चीवर, सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर, आणि पहिला हात ज्या दिशेने मारला त्याच्या आडवा दुसरा. दुपारच्या तापलेल्या स्लॅबवर मारलेला लेप लवकर सुटतो. कोबाच नवा करायचा ठरला तर निदान सात दिवस पाणी साठवून ठेवावं लागतं. त्यासाठी गवंडी मालाचे छोटे बांध घालून आळी करून देतात. ती आळी रोज सकाळ-संध्याकाळ भरायचं काम मुलांना द्या. सांगलीतल्या मे महिन्यात पाण्यात खेळायला कोण नाही म्हणेल?

आणि पैसे. दर स्क्वेअर फुटाचा ठरवा, मजुरी आणि माल वेगळा लिहून घ्या, आणि चौथा हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर देईन असं आधीच बोला. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

खालच्या भिंतीला मात्र आत्ता हात लावू नका. हे मी स्वतः चूक करून शिकलेय. 2005 च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर महिन्याभरातच मी सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून त्यावर ऑइल पेंट मारून घेतला. घर पुन्हा घरासारखं दिसावं, एवढीच घाई होती. वर्षाच्या आत रंगाचे फुगे आले, फोडले तर आतून पाणी. दगड-मातीची भिंत श्वास घेते म्हणतात, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. जमिनीतलं पाणी अशा भिंतीत वर चढतं, साधारण तीन फुटांपर्यंत, आणि भिंतीच्या तोंडावरून हवेत उडून जातं. जाताना मातीतले क्षार मागे ठेवतं. तोच तो पांढरा लोणा. त्या तोंडावर सिमेंट आणि तेलाचा रंग थापला की पाण्याची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं, जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. तुमचे पोपडे पुराच्या रेघेच्या वरही आले असतील तर कारण हेच.

तुम्ही पुस्तकं वाळवलीत ना? भिजलेलं पुस्तक उन्हात टाकलं की पानं वाकडी होतात, चिकटतात. तुम्ही सावलीत, वाऱ्यावर, मध्ये कोरडा कागद घालून ती वाळवली असतील. भिंतीचंही तसंच आहे. या पावसाळ्यात फक्त सुटलेला सिमेंटचा गिलावा आणि रंग तीन-चार फुटांपर्यंत खरवडून काढा आणि भिंत उघडी राहू द्या. दिसायला वाईट दिसेल, पाहुण्यांपुढे संकोच वाटेल, वाटू दे. लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहा, पाण्याने धुऊ नका, धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. भिंतीला लागून कपाट किंवा धान्याचे डबे असतील तर वीतभर पुढे ओढा. बाहेरच्या बाजूला पावळीचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडत असेल तर पन्हळ लावून लांब सोडा. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की भिंत पुन्हा बघा. प्लास्टिकचा हातभर तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी भिंतीला चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल अजून आहे. तुमच्या मुलाला हा प्रयोग द्या, वहीत तारखा लिहून ठेवायला सांगा. कोरडी झाली की चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आता सहज मिळत नाही, पण पाच महिने हातात आहेत, शोधा. जुन्या वाड्यांची, देवळांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर मिळेल.

म्हणजे या उन्हाळ्यात काम एकच, गच्ची. डोक्यावरचा अर्धा भार इथेच उतरला.

आता तुमच्या ह्यांच्याबद्दल. बंद करायला सांगू नका.

सासूबाई लष्कराच्या भाकऱ्या म्हणाल्या. त्या रात्री त्या घाबरल्या होत्या, त्यांचं चूक नाही. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 फुटांची. तेव्हा आपल्याला कुणी जेवू घातलं, ते आठवतं ना तुम्हाला? आसपासच्या गावांतून चादरीत बांधून भाकरी येत होत्या. ज्यांनी थापल्या त्या बायकांना आपली नावंही माहीत नव्हती. आपण सगळ्यांनी त्या आठवड्यात लष्कराच्याच भाकऱ्या खाल्ल्या. 2021 ला पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं. या गावात बोट चालवता येणारा माणूस तयार असणं हे शहराचंच घरकाम आहे, आणि तुमचा नवरा ते शिकतोय याचा मला आदर वाटतो.

पण त्यांना एक विचारा, आणि हे भांडणाच्या वेळी नको, सकाळी चहाच्या वेळी विचारा. "तुमच्या गटात काम कसं ठरतं?" मला माहीत आहे ते काय सांगतील. कोण कुठल्या गल्लीत, जॅकेटं कुणाकडे, दोर कुणी तपासायचा, कोयनेतून विसर्ग किती सोडला ते कोण बघणार, सगळं वाटून दिलेलं असतं. ज्याच्याकडे दोर आहे त्याला कुणी रोज "दोर तपासलास का?" असं विचारत नाही. आणि तोही "दोराच्या कामात काही मदत करू का?" असं म्हणत नाही. दोर त्याचाच असतो.

घरात मात्र ते तुम्हाला म्हणत असतील, काही मदत लागली तर सांग. मनापासून म्हणत असतील. पण त्या "सांग"मध्येच तुमचं सगळं ओझं आहे, ताई. काय राहिलंय हे लक्षात ठेवायचं तुम्ही, कुणाला सांगायचं ते ठरवायचं तुम्ही, सांगायचं तुम्ही, झालं का बघायचं तुम्ही. शेवटी हाताने जे करायचं तेवढंच दुसऱ्याने. तुम्ही कामांनी थकलेल्या नाही. पाच माणसांची सगळी यादी एकट्या डोक्यात वागवून थकल्या आहात. स्वार्थी हा शब्द तुम्ही स्वतःला का लावलात, ते मला पत्र दोनदा वाचूनही कळलं नाही.

तर गच्चीचं काम त्यांना पूर्ण द्या. मिस्त्री शोधण्यापासून पैशाच्या हिशेबापर्यंत आणि पहिल्या पावसात रात्री उठून छत बघण्यापर्यंत. तुम्ही मधे एकदाही विचारायचं नाही. हे जड जाईल. दहा तारखेपर्यंत मिस्त्री आला नाही तर तुमच्या पोटात गोळा येईल आणि तुम्हीच फोन उचलाल. उचलू नका. तारीख मात्र आधी दोघांनी मिळून ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: मे अखेरीला गच्ची पूर्ण. एक रविवार घाटावर नाही गेले तरी चालेल, घाट कुठे जात नाही. जूनमध्ये मात्र त्यांना अडवू नका, तो त्यांच्या गटाचा कामाचा काळ आहे. म्हणूनच गच्ची मेमध्ये.

सासूबाईंनाही यात घ्या. पाणी पहिल्यांदा कुठून शिरतं, कुठली भिंत आधी भिजते, सासऱ्यांनी कोबा कधी घातला होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. मिस्त्री येईल तेव्हा त्यांना खुर्ची टाकून अंगणात बसवा. त्यांच्यासमोर कुणी सिमेंट कमी टाकून दाखवावं!

मुलांचं म्हणाल तर मला मुलीची काळजी नाही. पहाटे सहाला स्वतः उठून जाणारी पोर म्हणजे तिचं तिने ठरवलेलं आहे. तुम्ही लिहिलंय की तिला स्मृती मंधानासारखं व्हायचंय, आणि सांगलीतली कुठली मुलगी असं म्हणत नाही! स्मृती इथेच वाढली, भावाला खेळताना बघून बॅट हातात घेतली, नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालच्या संघात गेली. पण तिच्या घरातली एक गोष्ट मला तिच्या शतकांइतकीच मोलाची वाटते. वडील तिच्या क्रिकेटचं बघायचे, खाणं, कपडे आणि बाकीची व्यवस्था आईकडे, आणि भाऊ नेटमध्ये तिला बॉलिंग टाकायचा. प्रत्येकाचं काम ठरलेलं. तुमच्याकडे मुलीला मैदानावर सोडणं, आणणं, तिचा डबा, पांढरे कपडे, स्पर्धेचे फॉर्म, सरांशी बोलणं हे सगळं एकट्या तुमच्याकडे आहे. यातलं सोडणं-आणणं आणि सरांशी बोलणं वडिलांना द्या, ऑफिसच्या आधी होणारं आहे. किट आणि कपडे तिचे तिला. सातवीतली मुलगी स्वतःचे पॅड पुसू शकते, कपडे भिजत घालू शकते. एखाद्या दिवशी मळक्या कपड्यांत गेली तर जाऊ दे.

मुलाचं मला वेगळं वाटतं. तबला, चित्रकला आणि अबॅकस या तिन्हींबद्दल तुम्ही लिहिलंय, पण त्याला यातलं काय आवडतं, हे सहा पानांत कुठेच नाही. मुलीच्या क्रिकेटबद्दल दीड पान आहे. त्याला विचारा. नुसतं विचारलंत तर तो तिन्ही आवडतात म्हणेल, आईला बरं वाटावं म्हणून. एक आठवडा सगळं बंद ठेवा, सुट्टीच आहे. जेवणाच्या ताटावर बोटं वाजायला लागली तर तबला ठेवा. वहीच्या मागच्या पानावर चित्रं दिसली तर चित्रकला ठेवा. अबॅकस मी तरी आत्ताच सोडून देईन. पाढे त्याला आजीकडून ऐकू देत, पावकी-निमकीसुद्धा त्यांना येत असेल. एक क्लास गेला की तुमच्या आठवड्यातल्या चार फेऱ्या आणि महिन्याची फी वाचते, ती गच्चीला लावा.

आणि पाऊस थांबून नदी उतरली की एखाद्या रविवारी दोघांना एकदा वडिलांबरोबर घाटावर पाठवा. बाबा रविवारी कुठे जातात हे त्यांना आत्ता फक्त तुमच्या वैतागातून माहीत आहे. गाळात हातमोजे घालून निर्माल्य आणि प्लास्टिक वेगळं केलं की त्यांना ते त्यांच्या नजरेने कळेल. हट्ट करून नेऊ नका, एकदा येऊन बघा म्हणा.

आता राहिली ती रविवार रात्रीची खबरबात. ती बंद करू नका, नणंदेला आणि दिरांना तिची वाट असेल. पण या रविवारी तुम्ही लिहू नका. मुलीला लिहायला सांगा आणि एकच अट घाला, घरातल्या प्रत्येकाबद्दल दोन ओळी हव्यात. तुमच्याबद्दल काय लिहायचं हे ती तुम्हाला विचारायला येईल. तेव्हा तिला सांगण्यासारखं काहीतरी त्या आठवड्यात तुमच्याकडे असू द्या.

काय ते मी सांगणार नव्हते, पण तुमच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं मला सोडत नाहीत. आठ-दहा दिवस पुस्तकं वाळवलीत आणि फार आवडलं म्हणता. लहानमोठं वाचनालय तुमच्या भागात असेलच. पुस्तकांना कव्हर घालणं, सुटलेली पानं शिवणं, बालविभागात शनिवारी तासभर मुलांना गोष्ट वाचून दाखवणं, याला माणसं लागतात आणि मिळत नाहीत. शनिवारी दुपारी चार ते साडेपाच. त्या वेळात मुलाचा क्लास, सासूबाईंचा चहा, मिस्त्री, सगळं ज्याचं त्याच्याकडे. पहिल्या शनिवारी चहा उशिरा झाला तर सासूबाई बोलतील. ऐकून घ्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जा.

गच्चीचा लेप पूर्ण सुकला, डब्यावर लिहिलेले दिवस भरले, की पाणी जायचं भोक कापडाच्या बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी साठवा आणि 24 तास ठेवा. जुनी स्लॅब आहे, चौरस मीटरला 50 किलोचा भार पडतो, म्हणून त्याआधी एखाद्या इंजिनिअरला खालून एकदा दाखवून घ्या. सळया उघड्या पडल्या असतील तर ही परीक्षा घेऊच नका. दुसऱ्या दिवशी खडूने आखलेल्या जागेवर हात ठेवून बघा, कोरडी लागते का. मला कळवा. आणि शनिवारी कुठली गोष्ट वाचलीत तेही.